बिनवासाचं घर

क्लिनिकच्या काचेच्या दाराला हात लागायच्या आधीच तिला वास आला. गुलाब, त्यावर थापलेला व्हॅनिला, आणि दोन्हींच्या तळाशी प्लास्टिक तापल्यावर येतो तसा कडवटपणा. आतला गालिचा, पडदे, सोफ्यांच्या गाद्या, सगळ्यांनी तो वास पिऊन ठेवला होता, आणि येईल त्याच्या अंगावर ते तो सावकाश सोडत बसले होते.

"श्वास धरलास," नवरा म्हणाला.

"नाही हो."

"धरलास. मला कळतं."

तो किंचित हसला आणि त्यानं तिच्यासाठी दार उघडून धरलं. तिला वासाचा विसर पडला, निदान उंबरठ्यापुरता. सैन्यातून परत आल्यापासून त्यानं कुणासाठी दार उघडलं नव्हतं. उलट, असतील ती दारं लावून घेतली होती. घरामागच्या अडगळीच्या खोलीत, जुन्या सायकली आणि रंगाच्या रिकाम्या डब्यांमध्ये, चटई टाकून तो पडून असायचा. आंघोळ नाही, दाढी नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरबाईंनी विचारलं होतं, मरणाचे विचार येतात का. त्यावर तो म्हणाला होता, "रोजचेच." जसं एखादा रस्त्यावरच्या गर्दीबद्दल सांगेल, तसं.

नेहमीच्या गोळ्या झाल्या, समुपदेशन झालं. मग हे आलं, केटामीन. भुलीचं औषध, कमी मात्रेत, शिरेतून, थेंबाथेंबानं. तिनं त्यावरचे शोधनिबंध काढून वाचले. काहींना गुण येतो, काहींना येत नाही, आलेला गुण टिकवायला पुन्हा पुन्हा घ्यावं लागतं. निबंधांत एवढं प्रामाणिकपणे लिहिलेलं पाहून तिला जरा धीर आला. भिंतीवरच्या पोस्टरवर मात्र उगवत्या सूर्याकडे पाहणारा एक तरणाबांड सैनिक होता आणि खाली 'योद्ध्यांचा पुनर्जन्म' असं छापलं होतं. ते वाचलं की तिला कुणाचं तरी उष्टं तोंडात गेल्यासारखं व्हायचं.

पण गुण आला होता. दुसऱ्या सेशननंतर त्यानं आपणहून आंघोळ केली. त्यानंतरच्या आठवड्यात चटई गुंडाळून तो घरात झोपायला आला, आणि सकाळी म्हणाला, "उशी बदललीस का? ही जुनी नाही." ती उशी बदलून कितीतरी महिने झाले होते. तिनं नळ सोडला आणि भांडी घासायचं निमित्त करून पोटभर रडून घेतलं. आता काहीही झालं तरी हे मध्येच थांबू द्यायचं नाही, एवढं एकच तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

ती शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात रसायनतज्ज्ञ होती. पाण्यातलं बाकी सगळं यंत्रं मोजत. पण तलावात शेवाळ वाढायला लागलं की पाण्याला येणारा मातकट वास पहिल्यांदा माणसाच्याच नाकाला कळतो. काचेच्या चंबूत पाणी कोमट करायचं, चंबू गोल फिरवायचा, बूच काढून हुंगायचं, हे तिचं काम. सगळ्या केंद्रात तिच्याइतकं तिखट नाक कुणाचं नव्हतं. ती दिसली की पंपावरची माणसं म्हणत, "आलं नाक, विड्या विझवा."

ह्या कामाचा एक नियम असतो. हुंगणाऱ्यानं अंगाला सुगंधी काही लावायचं नाही. तिनं तो नियम नोकरी लागली तेव्हाच घरी आणला. साबण बिनवासाचा, कपडे धुवायची पावडर बिनवासाची. अत्तर नाही, पावडर नाही, सर्दीपडशाला बाम नाही, तेलसुद्धा नाही. सर्दी झाली तर नुसत्या गरम पाण्याची वाफ. ब्यूटी पार्लर चालवणारी तिची नणंद आली की ओढणी बाहेरच्या खुंटीला टांगून, हात कोपरापर्यंत धुऊन मगच आत पाऊल टाकायची.

"वहिनी, लोक पाहुण्यांकडे अत्तर लावून जातात," ती म्हणायची. "तुझ्याकडे यायचं तर माणसानं स्वतःला खरवडून यायचं."

"सवय झाली की बरं वाटतं."

"बरं कसलं? घराला घराचा वास पण नाही. दादा कसा राहतो कोण जाणे."

दादा राहत होता. तो कुठल्याही दुसऱ्या घरात राहिला नसता, हे तेव्हा त्या दोघींनाही ठाऊक नव्हतं.

आजचं हे पाचवं सेशन होतं, आणि आदल्या दिवशी नणंदेनं तिला एक बोटाएवढी बाटली दिली होती. निलगिरी आणि पुदिन्याचा अर्क. क्लिनिकच्या वासानं वहिनीला मळमळतं, हे भावाकडून तिच्या कानावर गेलं होतं. "रुमालावर दोन थेंब टाक आणि नाकाशी धर," ती म्हणाली. "एवढ्यानं काही तुझं नाक बाटत नाही." तिनं बाटली घेतली. मेंथॉल नाकातल्या थंडीच्या मज्जातंतूंना जागं करतं आणि बाकीचे वास मागे पडतात, हे तिला माहीत होतं. शास्त्राला धरून होतं.

उपचाराच्या खोलीत एक आरामखुर्ची होती, शेजारी सलाइनचा खांब, रक्तदाबाचं यंत्र, आणि कोपऱ्यात, भिंतीतल्या नळीला जोडलेला, तो वास फवारणारा पांढरा डबा. मधूनच फुस्स करायचा. पहिल्याच दिवशी तिनं व्यवस्थापकाला तो बंद करायला सांगितलं होतं. घट्ट जाकीट घातलेला तो गोरागोमटा माणूस छातीवर हात ठेवून म्हणाला होता, "मॅडम, तो आमचा खास सुगंध आहे. दाराशी आलं की पेशंटला कळतं, आपण आपल्या जागी आलो."

त्या खोलीत प्रत्येक पेशंटसोबत घरचं एक माणूस बसू शकत असे. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं. "औषध चढलं की मन थोडा वेळ स्वतःपासून सुटं होतं. तेव्हा खोलीत जे असेल ते सरळ आत जातं. म्हणून बोलायचं नाही, रडायचं नाही, मोबाईल बंद." डोळ्यांवर जाड काळी पट्टी, नाकाच्या शेंड्यापर्यंत येणारी. कानांवर हेडफोन, त्यात वाऱ्यासारखं काहीतरी संगीत. डोळ्यांची सोय होती, कानांची सोय होती. नाकाचा विचार कुणीच केला नव्हता. तो तिनं केला.

सिस्टर सुई टोचून चिकटपट्टी कापायला वळली होती. तेवढ्यात तिनं पर्समधली बाटली काढून डोळ्यांच्या पट्टीच्या आतल्या कापडावर दोन थेंब सोडले, बरोबर नाकावर येतील तिथे. मग पट्टी त्याच्या डोळ्यांवर नीट बसवली आणि त्याच्या कपाळावरचे केस मागे सारले. इतक्या दिवसांत आपल्या हातून काहीतरी नेमकं, उपयोगाचं झालं, असं तिला वाटलं.

औषध सुरू झालं. थोडा वेळ काही झालं नाही. त्याची बोटं नेहमीसारखी सैल पडली. मग ओठांच्या कोपऱ्यातून लाळ आली. त्यात नवल नव्हतं. ह्या औषधानं लाळ सुटतेच, आधीच्या वेळीही सुटली होती, सिस्टरनं टिपली होती. ह्या वेळी मात्र त्यानं ती थुंकली. आधी हळू, मग जोरात, स्वतःच्या छातीवर. मोकळा हात तोंडात घालून तो जीभ पुसायला लागला, जणू जिभेला काही चिकटलं आहे आणि ते खरवडून काढायचं आहे.

"पुसा," तो म्हणाला. आवाज जाड, ओढल्यासारखा. "नाकाखालचं पुसा ते."

"काही नाहीये तिथं, दादा," सिस्टर त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. "मी आहे इथंच."

"पाणी सुटलंय. मेलाय तो, आणि माझ्या तोंडाला पाणी सुटलंय."

तो थुंकत राहिला. थुंकी दाट, पांढरी, हनुवटीवरून गळ्यात उतरणारी. बोटं घशापर्यंत गेली आणि सकाळचा चहा आणि पाव बाहेर आला, खुर्चीवर, सिस्टरच्या बाह्यांवर. रक्तदाबाचं यंत्र वाजायला लागलं. सिस्टरनं औषध बंद केलं, पट्टी ओढून काढली, बेल दाबली. डॉक्टरबाई धावत आल्या आणि दुसरं इंजेक्शन दिलं. त्याचे डोळे उघडे होते आणि बुबुळं लंबकासारखी हलत होती. पुदिन्याचा वास सिस्टरला आला नाही. त्या खोलीत व्हॅनिलापुढे कुणालाच दुसरं काही आलं नसतं.

तिला आला. ओकारीच्या आंबट वासाच्या वर, गुलाबाच्या वर, स्वच्छ आणि गार. 'नाकाखालचं पुसा' म्हणजे काय, ते खोलीत फक्त तिलाच समजलं. तिनं खाली पडलेली पट्टी उचलून पर्समध्ये टाकली आणि चेन ओढली.

नंतर डॉक्टरबाईंच्या खोलीत व्यवस्थापकही येऊन बसला. "मॅडम, घाबरू नका. उलट हे चांगलं लक्षण," तो म्हणाला. "आतली घाण बाहेर पडतेय. मोठं पॅकेज घेतलं की हा टप्पा मागे पडतो."

"तुम्ही बाहेर बसा," डॉक्टरबाई त्याला म्हणाल्या. तो गेल्यावर त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले. "मी पुढचं सेशन देणार नाही. मात्रा तीच, सगळं तेच, आणि आज असं. ह्यांना औषध मानवेनासं झालंय असं दिसतं. तुम्हाला काही वेगळं जाणवलं का? झोप, खाणं, नवीन कुठली गोळी?"

पर्स मांडीवर होती. तिनं दोन्ही हात तिच्यावर ठेवले होते. "नाही," ती म्हणाली.

हा शब्द तोंडातून बाहेर पडला आणि तिला स्वतःची किळस आली. खरोखरची, शरीराची किळस. नासलेल्या दुधाचा घोट गिळून वर चेहरा सरळ ठेवावा तशी. ती काही भित्री बाई नव्हती. केंद्रात पाण्याचा नमुना खराब निघाला की साहेबांचं तोंड न पाहता अहवालात तसं नोंदवायची. पण हा नमुना तिचा स्वतःचा होता.

घरी आल्यावर तो सरळ मागच्या खोलीत गेला. चटई उलगडल्याचा आवाज तिनं ऐकला.

दोन दिवस तो बाहेर आला नाही. जुनं सगळं परत सुरू झालं, ताट नेऊन ठेवणं, थंड झालेलं ताट परत आणणं. खोलीत आता नुसत्या घामाचा नाही, तोंडाचाही वास होता. तो सारखा चूळ भरत होता आणि कोपऱ्यातल्या डब्यात थुंकत होता. तिसऱ्या दिवशी तिनं तो डबा मोरीवर नेऊन ओतला. ओतताना तिनं मान फिरवली आणि श्वास धरला. तीस वर्षं मुद्दाम तयार केलेलं नाक ते. त्याला डोळ्यासारखी पापणी नव्हती.

त्याच दुपारी तो घरात आला. ती टेबलाशी बसली होती. तो खोलीच्या मधोमध उभा राहिला आणि डोकं एका बाजूला कलतं करून हुंगायला लागला.

"आहे," तो म्हणाला.

"काय?"

"तो वास. इथं आहे." त्याचा आवाज अगदी शांत होता आणि तेच वाईट होतं. "बाहेर रस्त्यात यायचा, दुकानात यायचा, कुणाच्या रुमालाला यायचा. मी दुसऱ्या बाजूला जायचो. इथं कधी आला नव्हता. ह्या घरात कसलाच वास नाही, म्हणून तर मी..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "आता डोक्यातून घरात आलाय. संपलं ते."

टेबलावर, त्याच्यापासून हातभर अंतरावर, तिची पर्स होती.

ती बघत राहिली. गप्प बसली, तर तो मानणार होता की त्याचं डोकं कायमचं गेलं. जगात एक जागा उरली होती, तीही गेली असं तो मानणार होता. आणि 'रोजचेच' म्हणून सांगितलेल्या विचारांपैकी एखादा एखाद्या दिवशी रोजचा राहणार नव्हता.

तिनं चेन उघडली. पट्टी काढली, बाटली काढली, दोन्ही टेबलावर ठेवली.

"डोक्यातला नाही तो," ती म्हणाली. "माझ्या पर्समधला आहे. पट्टीवर मीच लावला होता. तिथल्या घाणीपेक्षा हा बरा, असं मला वाटलं. औषधानं काही झालं नाही तुम्हाला. माझ्यानं झालं. आणि डॉक्टरबाईंनी विचारलं तर मी नाही म्हटलं."

त्यानं बाटलीकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

"म्हणजे खरा आहे," तो म्हणाला.

"खरा आहे."

"तुला पण येतोय."

"येतोय."

तो खुर्चीत बसला नाही, कोसळला. दोन्ही हातांनी त्यानं चेहरा झाकला. तिला वाटलं रडतोय. त्यानं हात काढले तेव्हा डोळे कोरडे होते, आणि चेहऱ्यावर तिनं कधीच न पाहिलेला राग होता. त्यानं बाटली दोन बोटांनी, मेलेल्या झुरळाला उचलावं तशी उचलली, परसात नेऊन मातीत पुरली. पट्टीही पुरली. मग पर्सही. तिचा चष्मा आत होता. तिनं ती पुरू दिली. मग नळाखाली बसून त्यानं हात धुतले, तोंड धुतलं, पुन्हा हात धुतले. ती पायरीवर बसली.

"बाम द्यायचे आम्हाला," तो नळाकडे पाहत म्हणाला. "नाकाखाली लावायला. हाच वास. पुरवठ्याच्या गाड्या उडवल्या होत्या, आत आपलीच माणसं. ऊन हे असं. बर्फाची गाडी येणार होती, ती आली नाही. कापडी मांडवात सगळे ओळीनं ठेवलेले. आम्ही चौघं खिसे तपासायला. घड्याळ, फोटो, काय असेल ते, घरच्यांना पाठवायचं. कपडे अंगाला चिकटलेले. अंगही सगळं अंगाला राहिलेलं नाही." तो थांबला. "ऐकवतं का तुला?"

"सांगा."

"लहानपणी माझ्या खिशात सदा पुदिन्याच्या गोळ्या असायच्या. आई द्यायची, गाडी लागू नये म्हणून. तो वास आला की अजून तोंडाला पाणी सुटतं. तिथंही सुटायला लागलं. समोर ते, आणि माझ्या तोंडाला पाणी. गिळत होतो मी. दिवसभर गिळत होतो."

"लाळ आपल्या हातात नसते हो. ग्रंथी असतात त्या, वास आला की—"

"ग्रंथी माझ्याच ना?"

ती पायरीवर थोडी पुढे सरकली.

"त्या ओळीत जाड्याही होता, आमच्यातला. स्वयंपाकघरातला. त्याच्या खिशात गोळ्या निघाल्या, पुदिन्याच्याच. माझीच सवय त्याला लागलेली. कागदात गुंडाळलेल्या, वरून ओल्या झालेल्या. कशानं ओल्या ते तुला नको सांगायला." त्यानं नळ बंद केला. "मी एक सोलली आणि तोंडात टाकली. विचार नाही केला. हातानंच केलं ते. आणि चघळत पुढचा खिसा तपासला. अगं, गोड लागली. चांगली लागली."

तिच्या पोटातून काहीतरी वर आलं. तिनं ते थोपवायचा प्रयत्न केला, कारण तो तिच्या चेहऱ्याकडे बघत होता, ह्याच चेहऱ्याकडे, आणि इतकी वर्षं तो का बोलला नाही हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं. पण ओलसर कागद तिच्या डोळ्यांसमोर होता, तिच्या जिभेवर होता. ती उठली, मोरीपर्यंत कशीबशी पोचली, आणि गुडघे टेकून सगळं दुपारचं जेवण ओकली. थांबलं असं वाटलं आणि पुन्हा आलं. नाकातून आलं.

पाठीवर हात पडला. मोठा, ओला, थंड हात, मणक्यावरून खाली उतरणारा.

"सावकाश," तो म्हणाला. "येऊ दे. धरू नकोस."

तिनं तोंड पुसलं. "मला माफ करा. तुम्ही सांगत होता, आणि मी—"

"मी कुणाला तरी सांगेन आणि तो म्हणेल, असू दे, त्यात काय. ह्याची मला भीती होती," तो म्हणाला. "ओकायलाच पाहिजे त्यावर. मला तेव्हा ओकारी नाही आली. तेच तर." मग जरा वेळानं, तिच्या गालाला काय लागलं होतं ते अंगठ्यानं काढत, "डब्याशी श्वास धरतेस ना, तोही धर. मी काही रागावत नाही. आम्हाला धरायची सोय असती तर आम्हीही धरला असता."

त्या संध्याकाळी नणंद आली, ओढणी टांगून, हात धुऊन. भाऊ आणि वहिनी परसात कुदळ घेऊन काहीतरी उकरत होते.

"काय हरवलं?"

"चष्मा," भाऊ म्हणाला. "पुरला मी."

"बरं," नणंद म्हणाली, आणि ह्या घरात काही विचारण्यात अर्थ नाही अशा चेहऱ्यानं चहा टाकायला आत गेली. बाटलीचं तिला वहिनीनं नंतर, हळूच सांगितलं. ऐकून ती उठली आणि पुन्हा एकदा कोपरापर्यंत हात धुऊन आली.

दुसऱ्या दिवशी दोघं डॉक्टरबाईंकडे गेले. सगळं ऐकून त्या चिडल्या, आणि चिडायला हवंच होतं. "खोलीत काही आणू नका, हे सांगायचं मला सुचलं नाही, ती माझी चूक. पण मी तोंडावर विचारलं तेव्हा तुम्ही नाही म्हणालात. मी ह्यांचं औषध बंद करायला निघाले होते, कळतंय का?" तिला कळत होतं. तिनं मान खाली घातली नाही, एवढंच. मग डॉक्टरबाईंनी त्याला विचारलं, परत घ्यायचं आहे का, आणि तो म्हणाला, "वासाशिवाय असेल तर."

तिथे व्यवस्थापक आडवा आला. सुगंध बंद करता येणार नाही. तो एका नळीतून सगळ्या मजल्यावर जातो. शिवाय बाकीच्या योद्ध्यांना आवडतो. "एकासाठी सगळं वातावरण कसं बिघडवायचं, सांगा?" तो म्हणाला, आणि वर, जाता जाता, नवऱ्याच्या खांद्यावर हात टाकून, "सर, तुमचा प्रवास एकदा कॅमेऱ्यासमोर सांगाल का? लोकांना प्रेरणा मिळेल."

"सांगेन की," नवरा म्हणाला. "जेवून येऊ नका मात्र."

व्यवस्थापक मनापासून हसला. त्याला ती गंमत वाटली. त्याचे दात फार पांढरे आणि सारखे होते. तिला त्याच्याकडे बघवेना.

शेवटी डॉक्टरबाईंनी मागची खोली उघडली. चादरी आणि सलाइनच्या बाटल्या ठेवायची, जिन्याखालची. गालिचा नव्हता, पडदे नव्हते, नळी तिथपर्यंत आली नव्हती. लोखंडी खाट, उघडा दिवा, नुकतीच पुसलेली फरशी.

त्यानं दारात उभं राहून हुंगलं. "फिनेल," तो म्हणाला.

"पुन्हा पुसायला सांगू का? नुसत्या पाण्यानं?" सिस्टरनं विचारलं.

"नको. फिनेल चालतं. फिनेल म्हणजे फिनेलच."

तो खाटेवर आडवा झाला. नवी पट्टी तिनं आधी स्वतः हुंगली, उलटसुलट करून, केंद्रातला चंबू हुंगावा तशी, आणि मग सिस्टरच्या हातात दिली. आपल्या हातानं बसवायचं धाडस तिला झालं नाही. सुई टोचली, खांबावरचं यंत्र टिकटिक करायला लागलं. आत काय भेटेल ते कुणालाच सांगता येत नव्हतं, डॉक्टरबाईंनाही नाही. मांडव तिथेच होता. जाड्या तिथेच होता.

"अगं," तो पट्टीखालून म्हणाला. "हात आण इकडे."

तिनं तळवा त्याच्या नाकाशी नेला. त्यानं लांब श्वास घेतला आणि थांबला. सकाळी तिनं हात किती वेळ घासले होते, ते कातडीवर दिसत होतं.

"कसला येतो?" तिनं विचारलं.

"कसलाच नाही," तो म्हणाला, आणि तळवा तसाच, गालाखाली घेऊन पडून राहिला.

थोड्या वेळानं लाळ सुटली. तिच्या तळव्यात उतरली, कोमट, चिकट, बोटांच्या बेचक्यांत साचायला लागली. दाराच्या फटीखालून व्हॅनिला आत सरकत होता, त्याला अजून तो आला नव्हता, तिला आला. त्याच्या घामाचा, रबराच्या नळीचा, स्पिरिटचा, लाळेचा, एकेक वास तिच्या नाकानं सुटा करून तिच्यापुढे ठेवला. सिस्टरनं कापूस पुढे केला. तिनं मानेनंच नको म्हटलं, पायानं चादरींचा एक गठ्ठा ढकलून दाराच्या फटीशी लावला, आणि हात तिथेच ठेवला.